‘आनंदी’ हे नाव कुठून आलं, मध्ये कुठे गेलं आणि परत कसं आलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलीचं नाव ‘आनंदी’ ठेवायचं तुम्हा दोघांच्या मनात आहे. सासूबाईंचा विरोध आहे, कारण ‘ध चा मा’ करणाऱ्या बाईचं नाव त्यांना घरात नको. तुमच्या आईला ते पणजीच्या काळचं वाटतं. आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे नाव मुळात कुठलं, एके काळी ते एवढं चालत होतं तर मध्ये गेलं कुठे, आणि आता पुन्हा का ऐकू येतंय.

मी गेली अनेक वर्षं कुळांच्या वंशावळी जुळवण्याचं आणि त्यासाठी जुन्या नोंदी वाचण्याचं काम करते. त्यामुळे नावांच्या येण्याजाण्याकडे माझं कायम लक्ष असतं. माझं मत आधीच सांगून टाकते. आनंदी हे नाव पेशवीणबाईंमुळे मागे पडलं असं मला वाटत नाही. ते मोठ्या प्रमाणावर सासरी मिळणारं नाव होतं. लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल सुटत गेली, आणि ज्या वाटेनं हे नाव घराघरांत येत होतं ती वाटच बंद झाली. आज ते परत येतंय ते मात्र पाळण्यातलं नाव म्हणून, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो.

व्युत्पत्ती सोपी आहे. ‘नंद्’ म्हणजे संतोष पावणे हा संस्कृत धातू, त्याला ‘आ’ हा उपसर्ग लागून ‘आनंद’. आता संस्कृत व्याकरणानं बघितलं तर ‘आनंदिन्’ या विशेषणाचं पुल्लिंगी रूप ‘आनंदी’ आणि स्त्रीलिंगी रूप ‘आनंदिनी’ होतं. एखादे शास्त्रीबुवा तुम्हाला म्हणतील की मुलीला आनंदी हे नाव व्याकरणात बसत नाही. त्याची काळजी करू नका. मराठीत आनंदी मुलगा, आनंदी मुलगी, आनंदी घर असं सगळं चालतं आणि शेवटी ‘ई’ आली की नाव बाईचं, हे मराठी कानाला पूर्वापार पटलेलं आहे. आनंद हा मुलगा तर आनंदी ही मुलगी, इतका तो सरळ हिशेब आहे. गाण्याची आवड असेल तर हेही सांगते की नंद रागाला आनंदी किंवा आनंदी कल्याण असंही म्हणतात.

याच धातूपासून नंदा, सुनंदा, नंदिनी, अलकनंदा, आनंदिता ही नावं आली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

लोकप्रियतेबद्दल बोलायचं तर आधी पुरावा कुठला हे सांगायला हवं. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खात्याकडे १८८० पासून जन्मलेल्यांच्या नावांची मोजदाद आहे. कुठलं नाव कोणत्या साली कितव्या क्रमांकावर होतं हे घरबसल्या बघता येतं. आपल्याकडे अशी वर्षावर्षाची जाहीर यादी नाही. मग कुलवृत्तांत, म्हणजे एकेका कुळाच्या पिढ्यांची माहिती देणारे ग्रंथ, शाळांची जनरल रजिस्टरं, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, जुनी दानपत्रं, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांकडच्या नामावळ्या असं सगळं धुंडाळावं लागतं. आणि यात बायकांची नावं शोधणं सगळ्यात अवघड. जुन्या वंशावळीत मुलगा सापडतो, त्याचा बाप सापडतो, आजा-पणजा सापडतो. मुलगी मात्र अनेकदा नसतेच. सून सापडते, पण ‘अमक्याची पत्नी’ म्हणून. ही काही फार जुनी गोष्ट नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार याद्यांतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. पण आपलं नाव चारचौघांत उच्चारू नये हा संकोच आपल्याकडेही काही कमी नव्हता.

चांगला कुलवृत्तांत मात्र एक काम नेमकं करतो. तो सुनेचं माहेरचं आणि सासरचं, अशी दोन्ही नावं देतो. ही दोन नावं शेजारी शेजारी वाचत गेलं की आनंदीची गोष्ट उलगडायला लागते.

लग्नानंतर नवरीनं उंबरठ्यावरचं माप ओलांडून घरात यायचं, लक्ष्मीपूजन व्हायचं आणि ताटातल्या तांदळांत नवऱ्यानं अंगठीनं तिचं नवं नाव लिहायचं. ही चाल तुम्हीही पाहिली असेल. सगळ्या थरांत ती सारखी पाळली जात नव्हती, पण तिचा पसारा मोठा होता. ज्यांची चरित्रं आपल्याला माहीत आहेत अशा काही बायकांची नावं घेऊन बघा. मणिकर्णिका तांबे लग्नानंतर झाशीची लक्ष्मीबाई झाली. त्यानंतर काही दशकांनी मनकर्णिका गोखले नावाची मुलगी रेव्हरंड टिळकांच्या घरी आली आणि तीही लक्ष्मीबाईच झाली. लोकमान्य टिळकांच्या पत्नीचं माहेरचं नाव तापी, सासरचं सत्यभामा. कुर्लेकरांची यमुना १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आली आणि रमा झाली. कल्याणच्या जोश्यांची यमुना १८७४ मध्ये गोपाळराव जोश्यांच्या घरी गेली आणि आनंदी झाली. आणि गोदू जोशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदी झाली.

नीट बघा : यमुना, गोदा, तापी या नद्या, आणि मणिकर्णिका हा काशीचा घाट. माहेरची नावं सगळी पाण्याची. सासरची नावं लक्ष्मी, रमा, सत्यभामा, आनंदी. म्हणजे घरात श्री यावी, कृष्णाची राणी यावी, सुख यावं. सहा उदाहरणांवरून नियम काढायचा नसतो, आणि गंगाबाई-यमुनाबाई सासरीही पुष्कळ सापडतात. पण नोंदी वाचताना हा कल मला पुन्हा पुन्हा दिसत आला आहे. मुलीचं नाव ठेवताना आईबाप तीर्थाचं पुण्य मनात धरायचे. सुनेचं नाव ठेवताना सासर आपल्या घराचं शुभ मनात धरायचं. त्यामुळे सुनेच्या नावांचा साठा लहान होता आणि तीच तीच नावं फिरत राहायची.

हा प्रकार ब्राह्मणांपुरता होता असंही नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची पहिली राणी तंजावरहून आली तेव्हा तिचं नाव लक्ष्मीबाई होतं, ते बदलून चिमणाबाई झालं. ती १८८५ मध्ये वारली. मग देवासच्या घाटग्यांची गजराबाई दुसरी राणी म्हणून आली, तर तिलाही चिमणाबाई हेच नाव दिलं. सासरचं नाव हे त्या बाईपेक्षा त्या जागेचं नाव असायचं, याचं यापेक्षा ढळढळीत उदाहरण मला माहीत नाही.

आनंदी याच साठ्यातलं नाव. ते जन्मनाव म्हणून मुळीच नव्हतं असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात वेगवेगळ्या समाजांत जन्मापासूनच्या आनंदी होत्या, आणि गुजरातेत तर ते पाळण्यातलं नाव म्हणून चांगलं रुळलेलं होतं. गुजरातच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री आनंदीबेन पटेल १९४१ मधल्या. पण एकोणिसाव्या शतकातल्या आपल्याकडच्या ज्या दोन आनंदींची चरित्रं वर आली, त्या दोघींना ते नाव लग्नात मिळालं आहे, हे विसरून चालणार नाही.

आता सासूबाईंच्या आक्षेपाकडे येते, कारण तो पुष्कळ घरांत निघतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवसांत, पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. नारायणराव वयानं अगदी कोवळे होते. त्यांना धरायचा हुकूम रघुनाथरावांनी दिला होता आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवलं ते रघुनाथरावांना. आनंदीबाईंनी त्या कागदावर खरोखर हात फिरवला का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण म्हण मात्र भाषेत कायमची बसली, आणि म्हणीपुढे कागदपत्रांचं फारसं चालत नाही हे मला मान्य आहे.

तरीही हे नाव बदनामीमुळे मागे पडलं असेल तर एक गोष्ट जुळत नाही. गोपाळरावांनी आपल्या नववधूला हे नाव दिलं ते १८७४ मध्ये. खुनाला तेव्हा जेमतेम शंभर वर्षं झाली होती. कर्व्यांच्या घरात ते १८९३ मध्ये आलं, म्हणजे एकशेवीस वर्षांनी, आणि तेही पुण्यात. शनिवारवाडा जिथे उभा आहे त्याच गावात. दोन्ही घरं पेशव्यांच्याच ज्ञातीतली, जिथे ती गोष्ट सगळ्यात जास्त सांगितली जात असणार. नावाला खरोखर विटाळ लागला असता तर सुनेच्या शुभनावांच्या एवढ्या मोजक्या साठ्यात ते टिकलंच नसतं. १७७३ च्या आठवणी ताज्या असताना जे नाव चाललं, ते विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याच आठवणीमुळे अचानक नकोसं झालं, हे मला पटत नाही.

बदनामीनं खरंच मेलेली नावं वेगळी असतात. कैकेयी, मंथरा, शूर्पणखा ही नावं कुणी ठेवत नाही, कारण ती नावं एकाच व्यक्तीची आहेत. नाव घेतलं की तीच डोळ्यांसमोर उभी राहते. आनंदी हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. दिवसातून कितीदा आपण तो सहज वापरतो आणि दर वेळी तो त्या गोष्टीपासून थोडा सुटतो. अहल्येचंही बघा. पुराणातली अहल्या शापानं शिळा झाली, तरी चौंडीच्या शिंद्यांच्या घरात १७२५ मध्ये जन्मलेल्या मुलीला ते नाव मिळालं आणि तिनं ते असं उजळलं की आज अहिल्या म्हटलं की बहुतेकांना आधी होळकरांची अहिल्याबाईच आठवते. एका नावावर दोन माणसांचा हक्क असला की शेवटी मोठं काम करणाऱ्याचा हक्क वर येतो, असं माझं निरीक्षण आहे.

आनंदीच्या बाबतीत ते काम करणारी, म्हणजे गोपाळराव जोश्यांची पत्नी, पोरसवदा मुलगी होती. जन्म ३१ मार्च १८६५, लग्न नवव्या वर्षी. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते काही दिवसांतच गेलं. डॉक्टर व्हायचं तिनं ठरवलं त्यामागे हे दुःख होतं. १८८३ मध्ये ती कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय जहाजानं निघाली आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयानं पुण्यात वारली, तेव्हा बावीस वर्षंही पुरी झालेली नव्हती. तिच्या रक्षेचा काही भाग अमेरिकेत पाठवला गेला आणि तिला जिनं लेकीसारखं सांभाळलं त्या कार्पेंटर बाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे तो पुरलेला आहे.

इथे एक तारखांचा योग सांगितल्यावाचून राहवत नाही. ११ मार्च १८८६ च्या त्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यांनी बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदासदन काढलं. तिथे शिकायला आलेल्या पहिल्या विधवा मुलींपैकी एक म्हणजे गोदू. आणि ११ मार्च १८९३ ला तिचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदी झाली. सात वर्षांत तीच तारीख तीनदा. बालपणीच विधवा झालेल्या मुलीला पुन्हा कुंकू लावून आनंदी हे नाव देणं त्या काळात किती धाडसाचं होतं, याची कल्पना त्या जोडप्यावर पडलेल्या बहिष्कारावरून येते. सासूबाईंना ही आनंदी सांगाच. डॉक्टर आनंदी सगळ्यांना माहीत असते. ही दुसरी फारशी कुणाला आठवत नाही.

ती का आठवत नाही, याचं उत्तर नावाच्या इतिहासातच आहे. तिला सगळे ‘बाया’ म्हणत. बाया कर्वे. आनंदी हे नाव लग्नाच्या दिवशी मिळालं, कागदावर राहिलं, पण हाक मारायला ते कुणी वापरलं नाही. घरोघरी हेच व्हायचं. नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. सून सासूचं नाव घेत नसे. धाकट्या जावा, दीर, पुतणे यांच्यासाठी ती काकू, वहिनी, माई, जिजी असायची. म्हाताऱ्या आजीचं खरं नाव आनंदी होतं हे नातवंडांना तिच्या तेराव्याला कळायचं. नाव पसरतं ते कानातून. शेजारची गोड मुलगी, शाळेतली हुशार मैत्रीण, पडद्यावरची नायिका यांचं नाव ऐकून ऐकून ते आपल्या मुलीला ठेवावंसं वाटतं. आनंदी हे नाव वहीत खूप होतं, पण कानावर पडत नव्हतं.

त्यात आणखी एक भर. घरातल्या जिवंत वडीलधाऱ्या बाईचं नाव लहान मुलीला ठेवलं तर तिला रागवायचं कसं, हाक मारायची कशी? सुनेला ते नाव उच्चारताच येणार नाही. त्यामुळे सासूच्या हयातीत तिचं नाव नातीला बहुधा मिळायचं नाही. मिळालं तरी हाक मारायला दुसरंच टोपणनाव असायचं.

मग ती चाल मोडली. माझ्या मते सुधारणेच्या भाषणांपेक्षा कागदांनी ती जास्त मोडली. मुलगी मॅट्रिक झाली, तिच्या नावाचं प्रमाणपत्र आलं, ती शिक्षिका किंवा कारकून झाली, नोकरीच्या सेवापुस्तकात नाव लागलं, बँकेत खातं उघडलं. आता नाव बदलायचं म्हणजे राजपत्रात जाहिरात, प्रतिज्ञापत्र आणि दहा ठिकाणी खेटे. स्वातंत्र्यानंतरच्या दोनतीन पिढ्यांत आधी पहिलं नाव बदलणं कमी झालं, मग अनेक घरांत आडनाव बदलणंही. तांदळातलं नाव कुठे कुठे राहिलं, पण विधीपुरतं. दुसऱ्या दिवशी कुणाला ते आठवतही नाही. सुनेच्या नावांचा तो जुना साठा असा हळूहळू पडून राहिला. सत्यभामा गेली, रमा गेली, आनंदी गेली. एकट्या आनंदीवर राग असता तर सत्यभामेनं काय केलं होतं?

आणि पाळण्यातल्या नावांची आवड तोवर पार बदलली होती. नद्यांच्या मागून सुशीला, मालती, कुसुम, विमल, शांता आल्या. त्यांच्या मागून मंगला, शोभा, विजया, उषा, आशा. मग सुनीता, वैशाली, मनीषा, संगीता. मग पूजा, स्नेहल, अश्विनी, प्रियांका, नेहा. या रांगेत मघाशी सांगितलेलं आनंदीचं गणगोत शोधा. नंदा आहे, सुनंदा तर कितीतरी आहेत, नंदिनी मध्येमध्ये डोकावते. म्हणजे आनंदाचा अर्थ लोकांना नकोसा झाला नव्हता. ‘आनंदीबाई’ ही नऊवारीतली, सासरची, आजीची वाटणारी घडण नको होती. नव्या आईबापांना तोच अर्थ नव्या रूपात हवा होता आणि तो त्यांनी सुनंदात शोधला.

गुजरातेकडे पाहिलं तरी हेच दिसतं. तिथे ‘ध चा मा’ ही म्हण नाही, पेशव्यांच्या घरातलं भांडण तिथल्या मुलांना गोष्टीतून ऐकवत नाहीत. तरी आनंदीबेन हे नाव तिथेही आजीच्या पिढीचंच वाटू लागलं. म्हणून मी म्हणते की नाव मागे पडलं ते वयानं.

आता ते परत का येतंय? नावांच्या आवडीचा अभ्यास करणारे स्टॅनली लिबरसन यांचं म्हणणं असं की प्रसिद्ध माणसांमुळे नावं चालतात असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक वेळा ते नाव किंवा त्याच्या जवळचे आवाज आधीच वर यायला लागलेले असतात. प्रसिद्धी त्याला जोर देते. आनंदीच्या बाबतीत मला हे तंतोतंत खरं वाटतं. सध्या मुलींची नावं ऐका : आर्या, आरोही, आराध्या, अनन्या, अनया, अन्वी. सुरुवातीला आ किंवा अ, मध्ये न, र, य असे मऊ आवाज, आणि ट-ठ-ळ-ण कुठेच नाही. आनंदी या मेळात कुणी न सांगता बसतं. म्हणून ‘जुनं तरीही आजचं’ असं ते वाटतं. सत्यभामा तसं वाटत नाही. ती परत येईल असं मला दिसत नाही.

दुसरं असं की आईचं नाव आपल्याला साधं वाटतं, आजीचं जुनाट वाटतं, पण पणजीचं एकदम सुंदर वाटायला लागतं. तिला आपण म्हातारपणी फारसं पाहिलेलं नसतं, त्यामुळे नावाला वयाचा वास राहत नाही. तुमच्या आईला आनंदी जुनाट वाटतं ते तिच्या जागी बरोबर आहे. तिनं नऊवारीतल्या आनंदीबाई प्रत्यक्ष पाहिल्या असतील. तुम्ही पाहिलेल्या नाहीत. रमा, राधा, मुक्ता, सई, जाई ही नावं अशीच पिढ्या ओलांडून परत आली.

आणि मग त्या जोडीला प्रसिद्धी आली. डॉक्टर आनंदीबाईंवरची श्री. ज. जोशी यांची कादंबरी १९६८ मध्ये आली होती आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. तिनं त्यांचं नाव जागं ठेवलं, पण मुलींची नावं त्यामुळे लगेच बदलली नाहीत; वेळ आली नव्हती. २००८ मध्ये हिंदी दूरचित्रवाणीवर ‘बालिका वधू’ सुरू झाली, तिची नायिका आनंदी. रोज संध्याकाळी देशभर ते नाव कानावर पडू लागलं, आणि ते एका हसऱ्या, चुणचुणीत मुलीचं होतं. वहीतलं नाव पहिल्यांदा कानावर आलं ते तेव्हा, असं मी मानते. ३१ मार्च २०१८ ला गूगलनं डॉक्टर आनंदीबाईंचं चित्र मुखपृष्ठावर लावलं. २०१९ मध्ये मराठी चित्रपट आला. तोवर हवा तयार होती.

वर्गात चार आनंदी असतील का, असंही तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. ज्या नावांची लाट येते ती बहुधा नवी घडवलेली किंवा नुकतीच सापडलेली वाटणारी असतात, आणि लाट ओसरली की त्यांवरून जन्मसाल ओळखता येतं. परत आलेली जुनी नावं सावकाश वाढतात आणि सावकाशच उतरतात. मुलगी चाळिशीची झाल्यावरही हे नाव तिला शोभेल, आणि मला वाटतं नाव निवडताना ही कसोटी पहिली लावावी.

राशीचं अक्षर बघणार असाल तर अवकहडा चक्रात, म्हणजे जन्मनक्षत्रावरून नावाचं पहिलं अक्षर सांगणाऱ्या तक्त्यात, ‘अ’ कृत्तिकेच्या पहिल्या चरणाला येतं आणि ‘आ’ त्यातच धरतात. पण व्यवहारातलं नाव अक्षरावरून ठेवलंच पाहिजे असं काही नाही. जन्मनाव पत्रिकेपुरतं वेगळं ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. घरात दोन नावांवर तडजोड करायची वेळ आली तर ही सोय वापरा. सासूबाईंना हवं ते नाव आत्यानं कानात सांगावं आणि आनंदी कागदावर राहावं, असं मात्र करू नका. हे नाव कागदावर राहून राहूनच एकदा हरवलं आहे. जे नाव ठेवाल त्याच नावानं तिला हाक मारा.

नोंदणीची घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवायही होते. त्यानंतर जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, आणि विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एकदा घातलेलं नाव बदलणं मात्र अवघड, म्हणून घरातली चर्चा आधी पुरी होऊ द्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार अशा बहुतेक ठिकाणी जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा धरला जातो, त्यामुळे त्यावरचं नाव अक्षरन् अक्षर तपासून घ्या. रोमन लिपीत सुरुवातीला एक ‘ए’ लिहायचा की दोन, हे आत्ताच ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. एकच लिहिला तर महाराष्ट्राबाहेर काही जण ‘अनंदी’ असा आखूड उच्चार करतील. दोन लिहिले तर उच्चार सुधारतो, पण प्रत्येक खिडकीवर सांगावं लागतं. मी असते तर एकच ठेवला असता. ‘डी’नंतर ‘एच’ घालू नका. तशी पद्धत तमिळनाडूकडे आहे आणि इथे त्यानं ‘आनंधी’ असं वाचलं जातं.

आणखी एक. महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असा क्रम आहे. म्हणजे आनंदीच्या पुढे लगेच तुमचं नाव येणार. तुमचं माहेरचं आणि सासरचं पहिलं नाव वेगवेगळं असेल तर कुठलं लिहायचं हे अर्ज भरण्याआधी ठरवा, आणि तुमच्या स्वतःच्या आधार-पासपोर्टवर जे आहे तेच तिथे जाऊ द्या.